संक्रांत ते विज्ञान दिन: संशोधकांना बोलतं करण्याचे सहा आठवडे

डिसेंबर संपता संपता संस्थेत एक मीटिंग होते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, त्या दिवशी संस्था सगळ्यांसाठी खुली ठेवायची आहे, आणि पीएचडी करणारी मुलं लोकांना आपलं काम समजावून सांगणार आहेत, असं ठरतं. त्यांची तयारी कोण करून घेणार? तुम्ही कॉलेजात एकांकिकेत काम केलेलं असतं, किंवा तुमचं मराठी चांगलं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. काम तुमच्याकडे येतं. हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी आधी प्रायोगिक नाटकात काम करायचे आणि आता बरीच वर्षं संशोधक विद्यार्थ्यांच्या तालमी घेते. दोन्हीकडचा एक फरक मला पहिल्याच वर्षी खुपला. नाटकातली माणसं चाळीस मिनिटांच्या एकांकिकेसाठी महिना-दीड महिना रोज संध्याकाळी जमतात. संशोधक मात्र चार वर्षांचं काम सांगायला उभा राहतो तो आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत केलेल्या स्लाइड्सच्या भरवशावर. मग तो अडखळला की आपण म्हणतो, 'हुशार आहे, पण सभाधीट नाही.' मला हे अजिबात पटत नाही. त्याला तालीम मिळालेली नसते, एवढंच.

मायकेल फॅरडे यांचं उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगते. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पुढे त्यांची व्याख्यानं गाजली, पण त्यासाठी त्यांनी वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले होते. व्याख्यान देताना ते 'हळू' असं लिहिलेलं कार्ड समोर ठेवून घेत, आणि तास संपत आला की 'वेळ' असं लिहिलेलं कार्ड त्यांच्यापुढे येई. ते कार्ड पुढे ठेवणाऱ्या मदतनिसाचं काम आता तुमच्याकडे आलं आहे.

२८ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मागे मोजले की संक्रांत येते. तिळगूळ वाटून झाला की लगेच सुरुवात करा.

पहिला आठवडा: फक्त ऐका

पहिल्या भेटीत कोणालाही 'चल, बोलून दाखव' म्हणू नका. एकेकाला वेगळं भेटा, सोबत चहा घ्या आणि विचारा: सकाळी लॅबमध्ये गेल्यावर पहिलं काम काय करतेस? दिवसभर हात कशात असतात? शेवटचं काय फसलं, आणि मग काय केलंस? 'तुझा विषय काय' असं मात्र विचारू नका. विचारलंत तर प्रबंधाचं शीर्षक ऐकायला मिळेल, आणि त्यानंतर तुम्हा दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचणार नाही.

द्राक्षाच्या रोगावर काम करणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. शीर्षक तिने इंग्रजीत म्हणून दाखवलं, मला त्यातलं 'ग्रेप' एवढंच कळलं. मग मी हातांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी पानं उलटी करते."

बागेत फिरून द्राक्षाची पानं उलटी करून बघणं, हे तिचं काम होतं. कारण केवडा नावाच्या रोगाची बुरशी पानात शिरते ती खालून. पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात. पान ओलं असलं की पाण्याच्या त्या पातळ थरात बुरशीचे बीजाणू अक्षरशः पोहत रंध्रापर्यंत पोचतात आणि आत घुसतात. पान वाळलं की पोहणं बंद. वरच्या अंगाला तेलकट पिवळे डाग दिसतात ते त्यानंतर काही दिवसांनी, म्हणजे शेतकऱ्याला दिसेपर्यंत रोग आत बसलेला असतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की पान किती तास ओलं राहिलं याची ती नोंद ठेवायची, आणि त्यावरून फवारणी कधी लागेल, कधी वाचवता येईल, हे आधी सांगता येतं का ते तपासायची. हे सगळं तिने चहा संपायच्या आत सांगितलं. स्लाइड एकही नव्हती, आणि आवाज जराही थरथरला नाही.

'मी पानं उलटी करते' हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं. असं एक वाक्य प्रत्येकाकडे असतं. ते पकडणं हे तुमचं पहिल्या आठवड्याचं काम. ते बोलणाऱ्याला कधीच महत्त्वाचं वाटत नाही, म्हणून ते तुम्हीच पकडायला हवं.

याच आठवड्यात समोर कोण बसणार आहे हेही ठरवून टाका. 'सर्वसामान्य जनता' नावाचं कोणी येत नाही. सातवीतली मुलं येतात, त्यांच्या बाई येतात, निवृत्त बँक कर्मचारी येतात, शेतकरी येतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघायला विज्ञान दिनाच्या सुमारास गर्दी लोटते, तिथे शाळेची मुलं आणि आसपासच्या गावांतले लोक असतात. मुंबईत पृथ्वी थिएटरला टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा कार्यक्रम २००९ पासून होतो, तिथे रविवारी सकाळी हौसेने आलेले शहरी लोक असतात. एकच भाषण दोन्हीकडे चालत नाही. प्रत्येक मुलाला एक माणूस डोळ्यासमोर ठेवायला सांगा. शक्यतो खराखुरा, ओळखीचा. मामा चालेल, शेजारचे काका चालतील.

दुसरा आठवडा: एक वाक्य, आणि घरी एक फोन

आता प्रत्येकाकडून एक वाक्य लिहून घ्या. त्यात क्रियापद असलंच पाहिजे. 'द्राक्षावरील केवडा रोगाचा अभ्यास' हे वाक्य नाही, ती फाइलवरची पाटी आहे. 'पान किती तास ओलं राहिलं ते कळलं, तर केवड्याची फवारणी कधी करायची आणि कधी नाही हे आधीच सांगता येईल' हे वाक्य आहे. त्यात कोणाचं तरी काहीतरी अडलेलं आहे आणि ते सुटण्याची शक्यता आहे. हे वाक्य व्हायला चार दिवस लागतात, लागू द्या. पाच-सहा खर्डे होतात. घाईने तुम्ही स्वतः लिहून देऊ नका. तुमचं वाक्य त्यांच्या तोंडी बसत नाही आणि मंचावर ते हमखास विसरतात.

वाक्य झालं की तीन मिनिटं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेली 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा आता जगभर होते: अख्खा प्रबंध तीन मिनिटांत, पडद्यावर एकच न हलणारी स्लाइड. स्पर्धेत उतरा अगर उतरू नका, तीन मिनिटांचं बंधन तालमीला फार उपयोगी पडतं. मी तर तीही स्लाइड काढून घेते. काय सांगायचं नाही हे ठरवावं लागलं की काय सांगायचं आहे ते आपोआप वर येतं.

फोनची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात, मग पुढची दहा वर्षं विज्ञान इंग्रजीत करतात. त्यांना 'मराठीत सांग' म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं मराठी बाहेर येतं. 'सदर प्रक्रियेद्वारे असे निदर्शनास येते की' असं लातूरची मुलगी बोलायला लागते, जी एरवी मैत्रिणीशी फर्मास बोलत असते. म्हणून सांगायचं की घरी फोन लाव. आई, आजी, मावशी, जी कोणी असेल तिला तुझं काम सांग, आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून ते ऐकायचं. त्यात आजी मध्येच विचारते, "मग पान पुसून घेतलं तर?" आणि मुलगी हसून सांगते, "एवढ्या पानांना कोण पुसणार गं." हा प्रश्न आणि हे उत्तर जसंच्या तसं भाषणात गेलं पाहिजे. वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल, मालवणी असेल, तो सूर पुसून टाकू नका. मंचावर आत्मविश्वास येतो तो आपल्या बोलीत पाय रोवल्यावर.

शब्दांचा वाद याच वेळी निघेल. एन्झाइम म्हणायचं की विकर? गॅलक्सी की दीर्घिका? माझं मत स्पष्ट आहे: लिहिताना परिभाषा हवीच, तिच्यासाठी आधीच्या लोकांनी खूप कष्ट घेतलेले आहेत. बोलताना समोरच्याकडे जो शब्द आहे तो वापरा. 'दीर्घिका' मला स्वतःला फार आवडतो, म्हणून मी तो 'आपली आकाशगंगा ज्यातली एक' असं म्हणून द्यायला लावते. आणि कित्येकदा तिसराच शब्द आधीपासून असतो. त्या द्राक्षवाल्या मुलीने एका गावात 'डाउनी मिल्ड्यू' म्हटलं तेव्हा पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, "केवडा म्हणा की, बाई." सभेतले सगळे तिच्या जवळ आले ते त्या क्षणी, कारण ती लगेच म्हणाली, "केवडाच. तुम्ही सांगा आजोबा, तुमच्याकडे यंदा कधी आला?" नवा शब्द दिलाच तर आधी वस्तू दाखवा, मग नाव सांगा. एका भाषणात असे तीनच शब्द. चौथा लागला तर पहिल्या तिघांतला एक काढून टाका.

संस्थेत बंगाली, तमिळ, मल्याळी मुलंही असतात. त्यांना वगळू नका. त्यांची एका मराठी मुलाशी जोडी लावा आणि दोघांना प्रश्नोत्तरासारखं बोलू द्या. सुरुवातीची चार वाक्यं मराठीत पाठ करून म्हटली तरी लोक मनापासून टाळ्या वाजवतात.

तिसरा आठवडा: हातात काय आहे?

लोकांसमोर रिकाम्या हाताने जाऊ नये. हातात वस्तू असली की बोलणाऱ्याचं अर्धं ओझं तीच उचलते, कारण सगळ्यांचे डोळे तिच्याकडे जातात आणि बोलणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते.

फेब्रुवारीत केवड्याचं ताजं पान मिळेल याचा भरवसा नसतो. त्या मुलीने ऑक्टोबरात काढलेलं पान वहीत दाबून ठेवलं होतं, ते आम्ही लॅमिनेट करून घेतलं. त्याने दोन कामं झाली. पान फाटायची भीती गेली, आणि रोगट पान द्राक्षाच्या गावात उघडं फिरवण्याचा धोकाही टळला. सोबत एक साधं भिंग. पान एका टोकाकडून फिरत जायचं, आणि ज्याच्या हातात आलं तो ते आपणहून उलटं करून बघायचा. 'मी पानं उलटी करते' हे वाक्य तिने म्हणायच्या आधी पन्नास माणसांनी तेच केलेलं असायचं.

खगोलशास्त्रात वस्तू कुठून आणायची? एक मुलगा पल्सारवर, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या फिरत्या ताऱ्यांवर, काम करत होता आणि हौसेने ढोलकी वाजवायचा. १९६७ साली जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे ठोके साधारण १.३४ सेकंदांच्या अंतराने येतात. तेवढ्या अंतराने त्याने लोकांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. संथ, भजनासारख्या. मग म्हणाला, "आता वेला पल्सार, सेकंदाला अकरा," आणि ढोलकीवर ते धरून दाखवलं. मग, "क्रॅब पल्सार, सेकंदाला तीस." आणि दोन्ही हात वर केले, कारण तेवढा वेग कोणाच्याच हातात नाही. "हा एक अख्खा तारा स्वतःभोवती तीस वेळा फिरतोय. वजन सूर्यापेक्षा जास्त, आकार साधारण आपल्या पुणे शहराएवढा." त्या शांततेत त्याने पुढची सगळी भौतिकी सांगितली आणि लोकांनी ती ऐकली.

आपल्याकडे या प्रकारची मोठी परंपरा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्काराचे प्रयोग करून दाखवतात. आधी नारळातून जाळ निघतो, लोक चकित होतात, आणि मग त्यामागचं रसायन उलगडून सांगितलं जातं. क्रम लक्षात घ्या: डोळे विस्फारले की मगच कारण. जाळाचे प्रयोग मात्र नवख्यांना करू देऊ नका. ते करायचेच असतील तर जाणकार माणूस शेजारी हवा, आणि पुढची रांग मागे सरकवायला हवी.

क्रम कसा लावायचा

यावर बरंच काही वाचायला मिळेल. मी कीर्तनाकडे बघते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं, तेच तत्त्व गोष्टीतून उभं राहतं. बुवांच्या हाताशी दोन-अडीच तास असतात आणि समोर भाव घेऊन आलेला श्रोता. आपल्याला दहा मिनिटं मिळतात आणि श्रोता पुढच्या स्टॉलकडे बघत असतो. म्हणून मी हे उलटं करायला सांगते: आधी आख्यान, मग निरूपण. आधी ती सकाळ, ते ओलं पान, ते भिंग, आणि मग बुरशीचं जीवनचक्र. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. हे तंत्र संशोधकाने जरूर उचलावं. "पानाला तोंड कुठे असतं, वर की खाली?" असं विचारून थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. पाच सेकंद मंचावर युगासारखे वाटतात, पण लोकांना विचार करायला तेवढे लागतातच.

विनोद जमत असेल तर करू द्या. लंडनमध्ये २००९ साली 'ब्राइट क्लब' सुरू झाला, त्यात संशोधक स्वतःच्या कामावर स्टँड-अप करतात. ज्याला ओढ आहे त्याने तेही करून बघावं. पण भाषणात विनोद घातलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. उसना विनोद पडला की बोलणारा पुढची चार मिनिटं सावरत नाही.

चौथा आणि पाचवा आठवडा: तालीम

आठवड्यातून तीन तालमी, प्रत्येकी पाऊण तास. उभं राहून. बसून केलेली तालीम धरू नये. बसल्यावर छाती दबते, आवाज पुढे जात नाही आणि हात टेबलाखाली लपतात.

आवाजाबद्दल एक गोष्ट मराठीत बोलणाऱ्या प्रत्येकाला सांगितली पाहिजे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'नाही'सुद्धा शेवटी येतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. 'या औषधाने साखर पूर्ण बरी होते असं आम्ही म्हणत नाही' यातला 'नाही' गिळला, तर शेवटच्या रांगेतला माणूस घरी जाऊन काय सांगेल? म्हणून व्यायाम असा: भाषणातली दहा वाक्यं घ्या आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द मुद्दाम उचलून, भिंतीवर आपटेल असा म्हणायला लावा. दोन दिवस विचित्र वाटतं. तिसऱ्या दिवशी आवाज सरळ व्हायला लागतो. वाक्यं लांब असतील तर कापा. श्वास जिथे संपतो तिथे वाक्य संपलं पाहिजे.

वेगासाठी फॅरडेंचं कार्ड आहेच. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'हळू' लिहा आणि शेवटच्या रांगेत बसून दाखवा. ओरडून थांबवू नका, फक्त कार्ड वर धरा. आठवड्याभरात कार्ड उचलायची वेळ कमी येते.

उभं राहणं साधं ठेवा. दोन्ही पायांवर सारखा भार, आणि लोकांकडे तोंड. पडद्याकडे वळून बोलायची सवय मोडण्यासाठी मी दोन तालमी पडदाच बंद ठेवते. त्याचा आणखी एक फायदा असतो: गावात लाईट गेली तर बोलणं अडत नाही. लेझर पॉइंटर घेऊ देऊ नका, हात थरथरला की तो ठिपका भिंतभर थरथरतो. बोटाने दाखवता येईल एवढंच चित्र ठेवा.

माइक हातातला असेल तर हनुवटीच्या समोर, तोंडापासून चार बोटं. मान वळली की माइकही वळला पाहिजे, याची वेगळी तालीम करावी लागते. माइक नसेल तर जाड मार्कर पेन घेऊन करा.

आता श्रोते. पहिल्या तालमीला फक्त तुम्ही आणि बाकीची मुलं. पाचव्या आठवड्यात बाहेरची तीन-चार माणसं बोलवा: ऑफिसातल्या मावशी, कॅन्टीनचे दादा, लेखा विभागातलं कोणी. त्यांना 'तुमच्यावर प्रयोग करतो' असं वाटू देऊ नका. ते तुम्हाला मदत करत आहेत, त्यांचा वेळ आधी विचारून घ्या, नीट खुर्ची द्या, चहा द्या. आणि नंतर तीनच गोष्टी विचारा. काय लक्षात राहिलं? कुठे सुटलं? घरी गेल्यावर यातलं काय सांगाल? 'कसं वाटलं' विचारलंत तर 'छान झालं' हेच ऐकायला मिळेल, आणि त्यातून कोणीच काही शिकत नाही.

गाइडना शेवटच्या एक-दोन तालमींना बोलवा, आधी नको. मी हे कळकळीने सांगते आहे. गाइड पुढे बसले की मुलगा त्यांच्याशीच बोलायला लागतो. समोर शंभर माणसं असली तरी त्याच्या मनात एकच परीक्षक असतो, आणि मग प्रत्येक वाक्याला 'साधारणपणे', 'काही विशिष्ट परिस्थितीत' अशी शेपटं फुटतात. गाइड आले की त्यांना मागच्या रांगेत बसवा आणि एकच काम द्या: यात काही चुकीचं सांगितलं जात असेल तर लिहून द्या. सोपं करताना खोटं होऊ नये यासाठी त्यांची नजर हवीच असते. 'यात वेळ गेला तर पेपर कोण लिहिणार' असं ते म्हणाले तर मुलीने लिहिलेलं ते एक वाक्य त्यांना दाखवा. बऱ्याच वेळा ते पुढच्या अर्जात तेच वाक्य वापरतात.

भीतीचं काय करायचं

'घाबरू नकोस' म्हणू नका. त्याने कोणाचीही भीती गेलेली मी पाहिलेली नाही. हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, पोटात गोळा येतो, हे सगळं होणार आहे असं आधीच सांगून ठेवा. नाटकात वीस वर्षं काम केलेल्यांनाही विंगेत हेच होतं.

करण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली चार वाक्यं तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी यावीत अशी. बाकीचं पाठ करू नका, त्यातला एक शब्द निसटला की सगळंच निसटतं. कार्यक्रमाआधी अर्धा तास पोचायचं आणि पुढच्या दोन रांगांतल्या चार जणांशी गप्पा मारायच्या: कुठून आलात, काय करता. मंचावर गेल्यावर समोर चार ओळखीचे चेहरे असतात. उभं राहिल्यावर लगेच बोलायचं नाही, एक लांब श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग आत घ्यायचा, मग पहिलं वाक्य. विसरलं तर हातातल्या वस्तूकडे बघायचं आणि ती काय आहे ते सांगायचं, धागा परत सापडतो.

एखादं मूल खरोखरच मंचाला तयार नसेल तर त्याला ढकलू नका. स्टॉलवर एका वेळी तीन माणसांना भिंगातून पान दाखवणं हेही लोकांशी बोलणंच आहे, आणि ते कोणी कमी समजू नये. एका संस्थेत आयोजकांनी एका मुलीला चौथ्या मिनिटाला सगळ्यांसमोर थांबवून 'जरा मोठ्याने' असं दटावलेलं मी पाहिलं आहे. ती पुढची दोन वर्षं मंचावर गेली नाही. माइकचा आवाज वाढवायला पाच सेकंद लागले असते.

सहावा आठवडा: प्रश्न

भाषण जमलं तरी खरी परीक्षा प्रश्नांत असते, आणि तिची तालीम जवळजवळ कोणी घेत नाही. या आठवड्यात भाषण बाजूला ठेवा आणि फक्त प्रश्न विचारा. पहिला नियम: उत्तराआधी प्रश्न माइकवरून पुन्हा सांगायचा. मागच्यांना तो ऐकू गेलेला नसतो, आणि बोलणाऱ्याला विचार करायला सहा-सात सेकंद मिळतात.

'याचा आम्हाला काय उपयोग?' हा प्रश्न येणारच. मुलांना तो टोमणा वाटतो. तो सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्या. आज उपयोग नसेल तर 'आज नाही' म्हणा, आणि मग तुम्हाला स्वतःला हे का जाणून घ्यायचं आहे ते सांगा. खगोलशास्त्राच्या मुलांना शनीची साडेसाती विचारली जाते, दर वर्षी. विचारणाऱ्याची टर उडवायची नाही. शनी कुठे आहे, किती लांब आहे, दुर्बिणीतून कसा दिसतो ते सांगा, आपल्याला ग्रहांचा माणसाच्या नशिबाशी संबंध आढळलेला नाही असं शांतपणे सांगा, आणि शक्य असेल तर दुर्बिणीतून दाखवा.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच असतो. कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका मुलाला भाषणानंतर एका बाईंनी विचारलं, "माझ्या मिस्टरांना हाच आहे. तुमचं औषध कधी येईल?" तो गोठला. आम्ही याची तालीम केलेली नव्हती, ती चूक माझी. तेव्हापासून मी प्रत्येक आरोग्यविषयक संशोधकाकडून हे उत्तर आधी म्हणवून घेते: "ताई, मी डॉक्टर नाही, आणि माझं काम अजून प्रयोगशाळेतल्या पेशींवरच आहे. ते औषध होईल की नाही हे मला आज सांगता येत नाही. तुमच्या डॉक्टरांचे उपचार चालू ठेवा. कार्यक्रम झाल्यावर आपण बसून बोलू." आणि मग खरंच खाली उतरून त्यांच्याशेजारी बसायचं. खोटी आशा द्यायची नाही, आणि पाठही फिरवायची नाही. हे दहा वेळा मोठ्याने म्हटलेलं असेल तरच त्या क्षणी तोंडातून नीट येतं.

'माहीत नाही' म्हणायचीही तालीम घ्या. 'मला माहीत नाही, पण अमुक गटाचं काम त्यावर आहे, तुमचा नंबर द्या, विचारून कळवते.' आणि कळवायचं.

त्या दिवशी आणि नंतर

त्या दिवशी नव्या सूचना देऊ नका. पाणी, माइक, वस्तू, वेळ, एवढं बघा, आणि शेवटच्या रांगेत तुम्ही दिसाल अशा जागी बसा.

संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून लोकांनी काय काय विचारलं ते एका वहीत लिहून काढा, नाव नको, फक्त प्रश्न, जसे विचारले त्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी निम्मे आठवत नाहीत, म्हणून त्याच दिवशी. त्या द्राक्षवाल्या मुलीच्या वहीत एका शेतकऱ्याचा प्रश्न होता: ठिबकवर असलेल्या बागेत आणि पाटाचं पाणी देणाऱ्या बागेत पान सारखंच ओलं राहतं का? तिने पुढच्या हंगामात दोन्हीकडे मोजमाप लावलं.

पंधरा दिवसांच्या आत पुढची तारीख ठरवून टाका, लहानशी चालेल: एखादी शाळा, महिला मंडळ, गावातलं वाचनालय. आणि लॅमिनेट केलेलं पान त्याच दिवशी आठवणीने परत मागून घ्या. हातोहात फिरत ते शेवटच्या रांगेत राहून जातं, आणि नवं पान मिळायला पुढचा ऑक्टोबर उजाडावा लागतो.